अट घालण्याआधी वर्गाची वेळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पंधराशे रुपये फुकट कशाला? बदल्यात काम करून घ्या, नाहीतर शिवण, ब्युटी पार्लर असं काहीतरी प्रशिक्षण सक्तीचं करा. हजेरी नाही तर हप्ता नाही.’ लाडकी बहीण योजना 2024 मध्ये सुरू झाल्यापासून हे मी लोकलच्या डब्यात ऐकलं, सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं, आणि आता आपल्या पत्रांच्या सदरातही वाचते आहे. म्हणून लिहायला बसले. ठाण्यात लोकमान्यनगर आणि वागळे इस्टेटच्या वस्त्यांत मी 22 वर्षं बायकांना शिवण शिकवते. हे सक्तीचे वर्ग उद्या निघालेच तर तिथे फळ्यासमोर माझ्यासारखीच कुणीतरी उभी असणार.

आधी कबूल करते, एके काळी माझंही मत हेच होतं. एका संस्थेमार्फत समाजमंदिरात वर्ग चालायचा, वेळ 11 ते 2. कागदावर 30 बाया, मशिनी 12, त्यातल्या चालू 7. साडेबारा झाले की निम्म्या उठायच्या. कुणाचं पोर बालवाडीतून सुटायचं, कुणाच्या गल्लीत नळाला पाणी यायचं. मी चिडायचे. ‘फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही’ हे माझंच वाक्य होतं.

त्या वर्गात मागच्या मशीनवर एक बाई बसायची. पहाटे साडेचारला उठून स्वतःच्या घरचा डबा, मग टीएमटीची बस पकडून घोडबंदर रोडला तीन घरची धुणीभांडी आणि पोळ्या. मधल्या वेळात ती धावत वर्गाला यायची, कधी सव्वाअकराला, कधी बाराला. तिची टीप मी मुद्दाम इतरांना दाखवायचे. कटोरी ब्लाऊजची गोलाई शिकवताना बहुतेकींच्या कापडाला चुण्या पडतात, हिच्या हाताखाली कापड आपोआप वळायचं. शेवटी 80 टक्के हजेरी भरली नाही म्हणून तिला प्रमाणपत्र मिळालं नाही. दुसऱ्या एकीची हजेरी मात्र शंभर टक्के! ती स्वतः महिन्यातून दहा दिवस यायची, बाकीचे दिवस तिची जाऊ येऊन सही करायची. दोन्ही सह्यांचं वळण वेगळं. मला दिसत होतं, मी बोलले नाही. संस्थेला आकडा दाखवायचा होता आणि मला मानधन हवं होतं. हजेरीची अट घातली की हजेरी मिळते, एवढं मी तिथे शिकले.

आता हिशोब मांडा. 1500 रुपये महिन्याला म्हणजे दिवसाला 50. वर्गासाठी एक घरकाम सोडावं लागलं तर पंधराशे-दोन हजार तिथेच गेले. बसभाडं वेगळं. सरकारकडून मिळालेलं डाव्या हाताने घ्यायचं आणि उजव्या हाताने परत करायचं. ‘काम करा’ म्हणणाऱ्यांना या बाया काम करत नाहीत असं वाटतं, हेच मुळात चूक. केंद्र सरकारची वेळेच्या वापराची 2024 ची पाहणी आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88, असं त्यात नोंदलंय. जवळजवळ पाच तास झाले. त्यावर दोन-तीन घरची कामं, त्यावर घरी आणलेली पिशव्यांची किंवा धागेकटिंगची ऑर्डर.

आमच्या एका परिचितांनी अमेरिकेचा दाखला दिला. मुलगा तिकडे असल्यामुळे त्यांचे दाखले तिकडचेच असतात. ‘तिकडे बघा, काम दाखवल्याशिवाय मदत नाही.’ खरंच बघावं तिकडे. आर्कान्सा राज्यात 2018 साली गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी अट घातली, की महिन्याला 80 तास काम, प्रशिक्षण किंवा समाजसेवा करायची आणि ते दरमहा कळवायचं. कळवायचं कुठे, तर वेबसाइटवर. आणि ती वेबसाइट रात्री 9 ते सकाळी 7 बंद! दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला जी वेळ मिळते, नेमकी तीच. काही महिन्यांत 18,000 हून जास्त लोकांचा विमा गेला. 2019 च्या मार्चमध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की रोजगार काही वाढला नव्हता. बहुतेक लोक आधीपासूनच काम करत होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते. एवढं होऊनही तीच 80 तासांची अट 2025 मध्ये त्यांनी देशासाठी कायद्यात आणली, 2027 पासून लागू करायला. त्यांचं ते बघतील.

आपल्याकडचं पोर्टल काय असतं ते आपण लाडकी बहीणच्या 2025 च्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, पाहिलं. ओटीपी येईना, आला तर पान उघडेना. रात्री बारानंतर चालतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आमच्या चाळीतल्या बाया मोबाईल उशाशी घेऊन जागल्या. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा माझी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. नवरा वारलेला, वडील त्याआधीच गेलेले. ‘टीचर, आता ओटीपी कुणाच्या फोनवर मागवू?’ असं तिने विचारलं. हसावं की रडावं कळेना. या गर्दीत आता दरमहा प्रशिक्षणाची हजेरी चढवायची अट घाला, मग कोण गळतं ते बघा. आळशी बाई गळणार नाही, तिला वेळ असतो. गळेल ती पोळ्या लाटायला गेलेली.

अपात्र लोक पैसे घेतात हा राग रास्त आहे. सरकारी नोकरीतल्या बायांनी, इतकंच काय पुरुषांनीही, या योजनेचे हप्ते घेतल्याचं उघड झालंच होतं. पण ते पकडायला पगाराच्या याद्या ताडून बघाव्या लागतात. त्यांना शिवणाच्या वर्गात बसवून काय होणार?

मदतीच्या बदल्यात काम, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. माझी आजी नगर जिल्ह्यातली. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. दुष्काळी मदतीतली सुकडी आणि मिलो ज्वारी, हे शब्द मी तिच्याच तोंडून ऐकले. त्या दुष्काळातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला. पण त्यात बांधला गेला होता तो सरकारचा हात! काम मागायचं मजुराने आणि देणं भाग सरकारला, काम नाही दिलं तर भत्ता. 2005 च्या केंद्रीय कायद्याने तर कामाच्या जागी पाणी, सावली आणि सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई द्यायला लावली. कायदा करणाऱ्यांना कळत होतं, की काम मागायला येणारी बाई एकटी येत नाही, कडेवर पोर घेऊन येते. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये आला तो या योजनेच्याच खर्चासाठी, म्हणजे ‘माझ्या कराचे पैसे’ म्हणणाऱ्या ठाणेकरांनी ग्रामीण मजुराला काम देण्याचा भार कधीच उचललेला आहे. शहरात मात्र तशी हमी नाही. किसननगरच्या बाईने उद्या सरकारला ‘द्या काम’ म्हटलं तर तिला कुठे पाठवणार, याचं उत्तर आधी तयार हवं.

आणि प्रशिक्षणानंतर पुढे काय? तरुणांसाठीची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवा. बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना. मुदत आधी सहा महिने होती, मग अकरा केली. मुदत संपल्यावर ती मुलं ‘आम्हाला कायम करा’ म्हणत आंदोलनाला उतरली. काम शिकून झालं, पुढची खुर्ची रिकामीच नव्हती.

याउलट केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याला प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची मदत आहे. तिचे अर्ज निघाले तेव्हा आमच्या भागात सेवा केंद्रावर बायांच्या रांगा होत्या. सक्ती कुणी केली नव्हती.

माझ्या वर्गाचंही तसंच झालं. संस्था गेल्यावर आम्ही वेळ बदलली, 3 ते 5. पोरं तोवर शाळेतून आलेली असायची. एका म्हाताऱ्या आजींना दिवसाला 50 रुपये देऊन व्हरांड्यात लहानग्यांना सांभाळायला बसवलं. सगळ्या मिळून वर्गणी काढायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून एका दुकानदाराच्या कापडी पिशव्या शिवायला घेतल्या, नगामागे 4 रुपये. शिकता शिकता चार पैसे हातात. हजेरीपट मी ठेवलाच नव्हता. तरी मशिनीसाठी भांडणं व्हायला लागली, दोघींची तर पार हमरीतुमरी. ती मागच्या मशीनवरची बाई आता तीनऐवजी एकाच घरी पोळ्यांना जाते, बाकी वेळ ब्लाऊज शिवते. पंधराशे रुपयांतून तिने जुन्या मशीनला मोटर बसवून घेतली. हा खर्च फुकट गेला का, हे मला टीकाकारांनी सांगावं.

सगळ्या बायांचं असं झालं नाही. पाच-सहा जणी चार दिवस येऊन गेल्या त्या गेल्याच. एक तर माझी चांगली कात्री घेऊन गेली.

सध्या वर्ग बंद आहे. समाजमंदिर दुपारी दोननंतर कुलूपबंद असतं, किल्ली कुणाकडे ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. तीननंतर दोन तास हॉल मिळावा म्हणून मी दोनदा लेखी अर्ज दिलाय, पोच शिक्क्यासह. उत्तर आलं की कळवते.

आपली,
एक शिवण शिक्षिका
लोकमान्यनगर, ठाणे
(नाव छापू नये, ही विनंती.)