लेझर झाले, तरी तपासणी संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काचबिंदूवर (डोळ्यातील दाबाशी निगडित, नजर हळूहळू हिरावणाऱ्या आजारावर) डोळ्यांत घालायच्या औषधी थेंबांऐवजी आधी लेझर करून घेणे अधिक चांगले, अशा आशयाचा मजकूर हल्ली वारंवार वाचनात येतो. तो निराधार नाही; पण ज्या संशोधनाच्या आधारे हे सांगितले जाते, त्यातली अर्धीच गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचते.

ब्रिटनमधील ‘लाइट’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ७१८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर आधी एसएलटी लेझर (डोळ्यातील पाण्याचा निचरा सुधारून दाब कमी करणारे लेझर) केले गेले आणि उरलेल्यांना थेंब दिले गेले. लेझर झालेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांच्या डोळ्यांतील दाब तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून आटोक्यात होता. लेझरच्या गटातील एकावरही काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली नाही, तर थेंबांच्या गटात ११ जणांवर ती करावी लागली. मात्र लेझर करून या रुग्णांना वाऱ्यावर सोडले नव्हते. प्रत्येकाच्या दाबाचे लक्ष्य ठरलेले होते, ठरल्या वेळी तपासणी होत होती आणि दाब वाढल्यास लेझर पुन्हा करण्याची किंवा थेंब सुरू करण्याची सोय होती. सहा वर्षांनी लेझर झालेल्या डोळ्यांपैकी थेंबांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांना पुढचे उपचार वेळेवर मिळाले ते या पाठपुराव्यामुळेच.

स्वीडनमधील माल्मो व हेलसिंगबोर्ग येथे काचबिंदूवरच झालेल्या जुन्या चाचणीत २५५ रुग्णांची दर तीन महिन्यांनी तपासणी होत असे. २००२ च्या अहवालानुसार उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांचा आजार वाढला, पण उपचार घेतलेल्यांपैकीही ४५ टक्क्यांचा वाढलाच. या दुसऱ्या आकड्याची चर्चा क्वचितच होते, आणि रुग्णाने लक्षात ठेवावा असा आकडा मला तोच वाटतो.

आपल्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरांची घडी चांगली बसलेली आहे, कारण तिथे शस्त्रक्रिया झाली की काम बहुतांशी संपते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि दुखतही नसल्यामुळे रुग्ण पुढच्या तारखेला येत नाही. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे; त्यांच्या फाइलमध्ये फील्ड टेस्टचे (नजरेचा आवाका किती उरला हे पाहणाऱ्या तपासणीचे) कागद तीन दवाखान्यांतले आहेत, यंत्रेही वेगवेगळी. एका कागदावरची शाई इतकी उडाली आहे की काळे डाग (नजर गेलेले भाग) कुठे होते हे डॉक्टरांनाही उजेडात धरून पाहावे लागले. (हनुवटी टेकवून, दिवा दिसला की बटण दाबायची ही परीक्षा पहिल्या खेपेस अनेकांची चुकते, म्हणून तर तुलनेसाठी जुने कागद हवेत.) शिवाय एसएलटी हे खुल्या कोनाच्या, म्हणजे डोळ्यातील पाणी जिथून निचरते तो कोन उघडा असलेल्या, काचबिंदूसाठी आहे. बंद कोनाचे रुग्ण आपल्या देशात कमी नाहीत, त्यामुळे भिंग लावून डोळ्याचा कोन पाहिल्याशिवाय लेझरचा सल्ला देणे योग्य नव्हे.

जिल्हा रुग्णालयांनी काचबिंदूच्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, तारीख चुकवणाऱ्यास आशा सेविकेमार्फत किंवा फोनवरून निरोप द्यावा आणि फील्ड टेस्टची प्रत रुग्णाच्या मोबाइलवर पाठवावी, एवढे तरी नव्या यंत्रांची वाट न पाहता करता येईल. लेझर यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव करताना या कामासाठी एका नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचे पदही त्यात धरावे, अशी आरोग्य विभागास विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा