'इतर कलाकारां'चीही दखल घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत नाट्यप्रयोगाचे परीक्षण येते तेव्हा त्यात प्रमुख भूमिकांवर दोन परिच्छेद, नेपथ्य व प्रकाशयोजनेवर दोन ओळी आणि शेवटी 'इतर कलाकारांनी समर्पक साथ दिली' हे ठरलेले वाक्य असते. या 'इतर कलाकारां'विषयी मला लिहायचे आहे, कारण आपल्या खान्देशातील हौशी रंगभूमीवर त्यांच्याकडे होणारे दुर्लक्ष आता नाटकाच्याच मुळावर येऊ लागले आहे.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातील सामंत पाहावा. १९६७ साली 'रंगायन'ने रंगमंचावर आणलेल्या या नाटकात मुंबईहून आलेल्या मंडळींना सभागृह उघडून देणारा हा गावातला साधा माणूस. हातात कुलूप-किल्ली आणि पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट. ही मंडळी गंमत म्हणून एक लुटुपुटूचा खटला चालवतात, तेव्हा एक नट आला नाही म्हणून त्याला साक्षीदाराच्या जागी उभे केले जाते आणि काय बोलावे हे ठाऊक नसल्याने तो जवळच्या कादंबरीतला मजकूरच साक्ष म्हणून सांगू लागतो. ती उसनी साक्ष खटल्यात आरोपी केलेल्या नायिकेच्या, लीला बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते आणि गंमत म्हणून चाललेल्या खटल्याला भयंकर वळण लागते. सामंताच्या मनात कसलेही कपट नाही हे प्रेक्षकाला पटले, तरच त्याच्या भोवतालच्या सुशिक्षितांचे क्रौर्य अंगावर येते. सगळे संपल्यावर निपचित पडलेल्या बेणारेजवळ तो पोपट ठेवून जाणाराही सामंतच. पहिल्या अंकात त्या नटाने पोपट केवळ प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात वापरायची एक वस्तू, म्हणून हातात धरला असेल, तर बेणारेचे काम करणारी अभिनेत्री कितीही ताकदीची असली तरी तो शेवट उभा राहत नाही. प्रयोगाची वेळ आटोक्यात आणण्यासाठी तो पोपटच गाळून टाकलेला एक प्रयोगही मी पाहिला आहे. त्या संध्याकाळी बेणारेचे स्वगत उत्तम झाले आणि नाटक मात्र अर्धवट राहिले.

जुन्या नाटकांतही हेच दिसते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त वकील सुधाकराची सनद गेल्यावर त्याच्यापुढे प्याला धरतो तो त्याचा कारकून तळीराम, आणि तो नुसता विनोदी करून टाकला की सुधाकराच्या अधःपाताचे कारणच हरवते. 'नटसम्राट'मध्ये पोटच्या मुलांनी दुखावलेल्या बेलवलकरांना आधार देणारा बूटपॉलिशवाला राजा खराखुरा वाटला नाही, तर त्या मुलांचे वागणे नेमके कशाच्या तुलनेत तोलायचे?

खरे पाहता खान्देशी प्रेक्षकाला हे शिकवावे लागत नाही. यात्रेत तमाशाचा तंबू लागला की गौळणीतल्या, म्हणजे सुरुवातीच्या कृष्ण-गौळणींच्या प्रवेशातल्या, मावशीची आणि पेंद्याची वाट पाहणारा हा प्रेक्षक आहे. पुढच्या वगात, म्हणजे मुख्य कथानाट्यात, मावशीचे काही काम नसते आणि गौळणीतही तिला मिनिटे थोडीच मिळतात. परंतु पदर सावरत, कमरेवर हात ठेवून मावशी झालेला पुरुष नट पुढे येतो, कृष्णाला जाब विचारतो आणि बाजाराला निघालेल्या गौळणींचा सगळा जथा तेवढ्याने खरा होऊन जातो. राजाचे काम कोणी केले होते हे लोक विसरतात, मावशी कोणाची होती हे वर्षानुवर्षे सांगतात.

आमच्या हौशी संस्थांत मात्र चित्र निराळे आहे. नायक-नायिकेची निवड आधी होते, त्यांच्या तालमी महिनाभर चालतात आणि हवालदार, नोकर, शेजारीण यांची कामे उरलेल्या मंडळींत वाटली जातात. बहुतेकदा सेट लावणाऱ्या मुलालाच रंगीत तालमीच्या दिवशी हवालदाराचा पोशाख चढवला जातो. तो विंगेतून येतो, वाक्य म्हणतो आणि मग हात कुठे ठेवावेत हे न कळल्याने प्रेक्षकांकडे पाहत उभा राहतो. नायक बोलत असताना प्रेक्षकाची नजर ऐकणाऱ्याकडेही जाते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच नसेल, तर बोलणाऱ्याचे वाक्य हवेत विरते. चांगल्या नटाचे स्वगत अशा रीतीने वाया जाताना पाहणे फार क्लेशदायक असते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. स्थानिक प्रयोगांत अहिराणी बोलणारे पात्र असलेच, तर ते हटकून गडी, माळी किंवा मोलकरीण असते आणि त्याच्या तोंडी ती बोली केवळ हशा मिळवण्यासाठी घातलेली असते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रेक्षागृहांत बसलेल्या कित्येकांच्या घरची ही भाषा आहे. तिच्यात दुःख सांगता येते, संतापता येते, मालकाला चार गोष्टी सुनावताही येतात. दिग्दर्शकाने त्या गड्याला एक जरी गंभीर वाक्य दिले आणि त्यावर थांबायला अवकाश दिला, तर सभागृह कसे कान देऊन ऐकते याचा अनुभव अवश्य घ्यावा.

दिग्दर्शकांना माझी विनंती आहे की छोट्या भूमिका करणाऱ्यांना पहिल्या वाचनापासून बोलवावे आणि त्यांचे पात्र रंगमंचावर येण्याआधी कुठे होते, कशासाठी आले, हे त्यांच्याशी बोलावे. परीक्षकांनीही दोनच प्रवेश असलेल्या नटाकडे तितक्याच बारकाईने पाहावे. आपल्याकडे मागणे एवढेच की राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरील प्रयोगांचे वृत्त छापताना सर्व कलाकारांची नावे भूमिकेसह द्यावीत आणि एखाद्या लहान भूमिकेने प्रयोग उचलला असेल किंवा पाडला असेल, तर ते कारणासह लिहावे. त्यासाठी छायाचित्राचा आकार थोडा कमी करावा लागला तरी वाचकांची हरकत असणार नाही.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, भुसावळ