‘आमचा चावत नाही हो’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव कुत्रा कोणाला चावला की बातमीत त्याची जात ठळक अक्षरांत येते. फाटकाला कडी होती का, कुत्रा कोणाच्या हातात होता, पट्टा केवढा लांब होता, रेबीजची लस कधी टोचली होती, यातले बहुधा काहीच नसते. वाचणाऱ्याच्या मनात एवढेच राहते की पिटबुल आणि रॉटवायलर वाईट, आपला लॅब्रॅडॉर गरीब. कुत्र्यांच्या दवाखान्यात रोज काम करणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. जातीचा संबंध आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस किलोच्या कुत्र्याने धरलेला हात आणि पाच किलोच्या कुत्र्याने धरलेला हात यांत टाक्यांचा आणि हाडांचा फरक पडतो. पण चावण्याची वेळ का आली हे शोधायला गेले की बहुतेक वेळा उघडे दार, सुटलेला पट्टा नाहीतर मालकाचा गैरसमज सापडतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूण येथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. बंदीचा वाद चालत राहील, पण ज्यांच्या घरात आज कुत्रा आहे त्यांना त्या निकालाची वाट पाहता येणार नाही.

कुत्रा चावण्याआधी बरेच काही सांगतो. समोर खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, तोंड एकीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. तेव्हा बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. एवढ्याने समोरचा थांबला नाही तर त्याचे धापणे अचानक बंद होते, तोंड मिटते आणि सगळे अंग ताठ होते. हा क्षण ओळखता आला तर निम्मे चावे टळतील असे मला वाटते. जीभ बाहेर काढून धापत असलेला कुत्रा तोंड मिटून दगडासारखा स्थिर झाला की हाताशी दोन-तीन सेकंदच उरलेले असतात. त्यापुढे गुरगुर, मग दात दाखवणे, मग हवेत तोंड मारणे, आणि शेवटी चावा. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, या समजुतीवर विसंबू नये. सैल, कमरेसकट हलणारी शेपटी वेगळी आणि उंच, ताठ, नुसत्या टोकाशी थरथरणारी शेपटी वेगळी.

घरोघरी सर्वांत मोठी चूक होते ती गुरगुरीच्या पायरीवर. कुत्रा गुरगुरला की त्याच्यावर ओरडतात, नाकावर फटका मारतात, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतात. कुत्रा त्यातून एवढेच शिकतो की गुरगुरले की मार बसतो. त्याची भीती किंवा दुखणे मात्र होते तिथेच असते. मग पुढच्या खेपेला तो गुरगुर गाळतो आणि सरळ चावतो. मालक शपथेवर सांगतो की काही इशारा न देताच चावला. इशारा देण्याची त्याची सवय मोडली कोणी, हे त्याच्या लक्षातच येत नाही. गुरगुर ऐकू आली की न ओरडता माणसाला, विशेषतः मुलाला, बाजूला घ्यावे, अंतर वाढवावे आणि नंतर कारण शोधावे. कारणे ठरावीक असतात: समोर जेवणाचे भांडे होते, झोपेतून उठवले होते, पिल्ले जवळ होती, कोणी गळ्यात हात टाकून मिठी मारली होती. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून मुलांना चावा गाल, ओठ आणि मानेवर बसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आणि कुत्र्याला, तो कितीही मायाळू असो, एका खोलीत एकटे सोडू नये. आठ-नऊ वर्षांचा शांत कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला तर प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्यकाला दाखवावा. कानातला पू, हललेली दाढ, कंबरेचे दुखणे यांतले काहीतरी निघण्याची शक्यता मोठी असते.

कुत्र्याचा स्वभाव घडण्याचा काळ साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू किंचाळते आणि खेळ थांबतो. दात किती दाबायचा हे तो तिथे शिकतो. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात, कारण ती जितकी लहान तितकी गोजिरी दिसतात. घरी आल्यावर लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची होईपर्यंत, त्यांना दाराबाहेर काढत नाहीत. जमिनीवर सोडू नये हे बरोबर, पण कडेवर घेऊन जिन्यात आणि रस्त्याच्या कडेला रोज दहा मिनिटे उभे राहायला काहीच हरकत नाही. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, छत्री, रिक्षा, धावणारी मुले हे सगळे त्या वयात पाहिलेला कुत्रा मोठेपणी त्यांना बिचकत नाही.

आता पट्ट्याविषयी. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत. तीन गेली तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोके काढून घेतो. हातातली दोरी सव्वा ते दीड मीटरची पुरते. बटण दाबले की लांबत जाणारी पाच मीटरची डबी रस्त्यावर आणि सोसायटीत वापरूच नये. कुत्रा पाच मीटर पळाला की त्याचा सगळा जोर एका झटक्यात हातावर येतो, प्लॅस्टिकची मूठ निसटते आणि मागे खडखडत येणाऱ्या त्या डबीला घाबरून तो आणखी पळतो. दोरीचा हूक महिन्यातून एकदा नखाने उघडून पाहावा. चकचकीत मुलाम्याच्या हलक्या हुकाची गोल फिरणारी मान आतून झिजते, आतली स्प्रिंग गंजते, आणि हूक तुटतो तो नेमका कुत्र्याने जोर लावल्यावर. पितळी किंवा स्टीलचा जड हूक घ्यावा. दोरीचा फासा अंगठ्यात अडकवून मूठ मिटावी. मनगटाला वेढे देऊ नयेत, कुत्र्याने ओढले तर मनगट मोडते. आणि दोरी अशा माणसाच्या हातात हवी जो त्या कुत्र्याला थांबवू शकतो. तीस किलोचा कुत्रा दहा वर्षांच्या मुलाकडे देऊन फिरायला पाठवणे म्हणजे तो मोकळा सोडण्यासारखेच आहे.

मुसके म्हटले की अनेकांना वाईट वाटते. त्यांनी पाहिलेले असते ते कापडी, तोंड आवळून धरणारे. ते फक्त दवाखान्यात पाच-दहा मिनिटांपुरते असते. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापून बाहेर टाकतो. कापडी मुसके घालून एप्रिलच्या उन्हात फिरवले तर उष्माघाताने मरू शकतो. बाहेर नेण्यासाठी जाळीचे मुसके घ्यावे, ज्यात तोंड पूर्ण उघडता येते आणि पाणीही पिता येते. ते एकदम बांधू नये. आतून दही किंवा उकडलेले चिकन लावून समोर धरावे आणि त्याला आपणहून नाक घालू द्यावे. तीन-चार दिवसांनी मुसक्याचा बंद क्षणभर लावून लगेच सोडावा आणि मग वेळ वाढवत न्यावी. आठ-दहा दिवसांत बहुतेक कुत्री मुसके दिसले की स्वतःहून तोंड पुढे करतात.

बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या बाबतीत एक साधी गोष्ट सगळीकडे चुकलेली दिसते. बेल फाटकाच्या आत, घराच्या दाराशी असते. पार्सलवाला, गॅसवाला, मीटर पाहायला आलेला माणूस बेलपर्यंत पोचायचे म्हणून फाटकावरून हात आत घालून कडी काढतो. कुत्र्याच्या दृष्टीने तो घरात घुसणारा परका हात असतो, आणि चावा बसतो तो मनगटावर. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. बेल फाटकाबाहेर घ्यावी, कडी बाहेरून हात पोचणार नाही इतकी खाली बसवावी, फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावावी, आणि पार्सल ठेवायला बाहेर एक पेटी. सगळे मिळून सुताराचे आणि वायरमनचे एका दिवसाचे काम आहे.

सोसायटीत सर्वांत अडचणीची जागा लिफ्ट. पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. म्हणूनच मालकाने स्वतः वेळ द्यायला हवा. आत कोणी असेल आणि ‘थांबा’ म्हणाले तर पुढच्या फेरीला जावे. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, दोरी आखूड आणि मालक कुत्रा व माणसे यांच्या मधे. दार उघडते तेव्हा कुत्र्याचे तोंड दाराकडे नसावे. २०१८ च्या फेब्रुवारीत वरळीच्या एका इमारतीत, सोबतचे लहान मूल घाबरते म्हणून शेजाऱ्याने थांबायला सांगूनही हस्की जातीचा कुत्रा लिफ्टमध्ये आणला गेला आणि तो त्या शेजाऱ्याच्या हाताला चावला. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिने कैदेची शिक्षा सुनावली. नेपियन सी रोडवर मे २०१० मध्ये वाद चालू असताना गाडीचे दार उघडले गेले आणि आतला रॉटवायलर ७२ वर्षांच्या नातेवाइकाला चावला; त्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. दोन्हीकडे कुत्रा आवरण्याची वेळ मालकाच्या हातात होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

राखणीसाठी म्हणून दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा अधिक धोकादायक होतो हेही सांगितले पाहिजे. त्याला पळता येत नाही, म्हणून घाबरला की त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीला बराच वेळ बांधून ठेवणे आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजच्या काळात अगदीच अपुरा आहे.

इतके करूनही कुत्रा चावलाच, तर वाद नंतर घालावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, आणि घाईत दोन मिनिटांत उरकले जाते ते हेच काम. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये, टाके घालण्याची घाई करू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि त्या दिवसापासून तीन, सात व अठ्ठावीस दिवसांनी असते. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) टोचावे लागते. ते विसरले जाऊ नये म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.

कुत्र्याच्या मालकाने जखमीबरोबर रुग्णालयात जावे आणि लसीचे कार्ड न्यावे. कार्डावर लसीच्या बाटलीचे चिकटवलेले लेबल, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. ‘लस दिली’ एवढ्या शेऱ्याला फारसा अर्थ नाही. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांला, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, नंतर दरवर्षी. कुत्र्याला दहा दिवस घरात बांधून नजरेखाली ठेवावे. चावताना लाळेत विषाणू असेल तर दहा दिवसांत कुत्रा आजारी पडतो किंवा मरतो. म्हणून त्या काळात त्याला मारणे, गावाला पाठवणे किंवा लांब सोडून येणे म्हणजे जखमीच्या डॉक्टरांना हवी असलेली माहितीच नाहीशी करणे. मात्र दहा दिवस पाहून मग लस घेऊ, असे जखमीने कधीही करू नये.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशा घटनेत जातीबरोबर आणखी चार गोष्टी विचारून छापाव्यात: कुत्रा दोरीवर होता का आणि ती कोणाच्या हातात होती, फाटक किंवा दार कसे होते, यापूर्वी तो कोणावर गुरगुरला किंवा चावला होता का, आणि रेबीजची शेवटची लस कोणत्या तारखेची आहे. शेवटचे उत्तर तर जखमीच्या घरच्यांना बातमी छापून येण्याच्या आदल्या दिवशीच हवे असते.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे