तेलविहिरीतील क्षार आणि दुर्लक्षित पाणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखाद्या तेलक्षेत्राचे उत्पादन घटल्याची बातमी येते तेव्हा साठा आटत चालला, भूगर्भातील दाब उतरला किंवा गुंतवणूक अपुरी पडली, अशी कारणे बहुधा दिली जातात. ही कारणे खोटी नसतात. परंतु खडकात तेल आहे, दाबही आहे आणि तरी विहीर आटल्यासारखी वागते, असेही घडते. आणि त्यामागे पुष्कळदा नळीच्या आतल्या अंगाला चढलेले क्षारांचे पुट, म्हणजे तेलक्षेत्रात ज्याला सरसकट ‘स्केल’ म्हणतात ते असते. उत्तर समुद्रातील मिलर क्षेत्रातल्या एका विहिरीचे उत्पादन दिवसाला 30,000 बॅरलवरून अवघ्या 24 तासांत शून्यावर आल्याची नोंद तांत्रिक साहित्यात आहे. सगळ्याच विहिरी इतक्या झटपट बुजत नाहीत. बहुतेक ठिकाणी नळीचा व्यास महिन्यामहिन्याने घटत जातो आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तेलविहीर म्हटले की तेलच डोळ्यांपुढे येते, पण जुन्या क्षेत्रांत एका बॅरल तेलाबरोबर कित्येक बॅरल पाणी वर येते. खडकाच्या सहवासात युगानुयुगे मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. विहीर वाहू लागली की वर चढणाऱ्या पाण्यावरचा दाब उतरतो, कार्बन डायऑक्साइड वायुरूपाने निसटतो, पाण्याचा सामू (pH) वाढतो आणि बायकार्बोनेटच्या आधाराने विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट बनून धातूवर बसू लागते. गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर याच जातीचा. फरक एवढाच, की तिथे उष्णता मुख्य कारण असते, तर इथे दाबाचा उतार. साहजिकच जिथे दाब एकदम पडतो, अशा चोक (प्रवाह आवळणारे अरुंद तोंड) आणि झडपांच्या ठिकाणी हा थर आधी धरतो. विहिरीतील विद्युत पंपाच्या तापलेल्या मोटरवर मात्र तो उष्णतेमुळे धरतो, आणि विहिरीच्या आतल्या सुरक्षा-झडपेवर तो बसला तर ती ऐन वेळी पूर्ण मिटेलच याची खात्री उरत नाही. तेव्हा प्रश्न केवळ घटलेल्या बॅरलांचा राहत नाही.

दुसरा प्रकार, बेरियम सल्फेटचा, अधिक चिवट आहे. साठ्यातील दाब टिकवण्यासाठी समुद्रातील क्षेत्रांत समुद्राचेच पाणी खाली सोडतात. त्यात लिटरला सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असते, तर खडकातील पाण्यात बेरियम. दोन्ही पाणी वेगवेगळ्या पेल्यांत नितळ दिसतात. बेरियम भरपूर असेल तर एकमेकांत ओतताच मिश्रण दुधाळ होते. साध्या तापमानाला लिटरभर शुद्ध पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, दोन ग्रॅमच्या वर विरघळते, बेरियम सल्फेट मात्र दोन-अडीच मिलिग्रॅम. ते जड असते आणि कशालाही दाद देत नाही, म्हणूनच त्याची पूड विहीर खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलात मुद्दाम मिसळतात. खोदताना ज्या गुणासाठी ते विकत आणायचे, तोच गुण पुढे विहिरीच्या मुळावर येतो. कार्बोनेटचा थर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुता येतो, बेरियमच्या थरावर त्या आम्लाचा काही उपयोग नाही. तिथे डीटीपीएसारख्या, बेरियमला धरून ठेवणाऱ्या रसायनांची द्रावणे तासन् तास मुरवावी लागतात, नाहीतर यंत्राने थर कोरून काढावा लागतो. शिवाय या स्फटिकांत खडकातील पाण्यातले किरणोत्सारी रेडियमही अडकून बसते. रेडियम-226 चे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षे आहे. त्यामुळे बदललेल्या नळ्या भंगारात टाकून भागत नाही आणि त्या कोरड्या खरवडणाऱ्या कामगाराच्या श्वासात काय जाते, याचा विचार करावाच लागतो.

थर धरूच नये यासाठी फॉस्फोनेट किंवा पॉलिमर वर्गातील प्रतिबंधक रसायने वापरतात. दहा लाख भागांत अवघे काही भाग एवढ्या मात्रेतही ती नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकांच्या कडांना चिकटून त्यांची वाढ रोखतात. त्यांची ‘स्क्वीझ’ ही पद्धत कौतुकास्पद आहे: रसायन विहिरीभोवतीच्या खडकात दाबून भरायचे, त्यामागोमाग पाणी ढकलायचे, विहीर साधारण दिवसभर बंद ठेवायची आणि मग खडकाला धरून राहिलेले रसायन पुढे कित्येक महिने वर येणाऱ्या पाण्यात हळूहळू उतरू द्यायचे. त्याचे प्रमाण ठरावीक किमान पातळीखाली गेले की पुन्हा स्क्वीझ. पण मात्रा वाढवली म्हणजे संरक्षण वाढले, असे मात्र नाही. कॅल्शियम फार असलेल्या पाण्यात फॉस्फोनेट स्वतःच कॅल्शियमबरोबर साका धरून खडकाची छिद्रे बुजवू शकते.

माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. रसायन कोणते, किती आणि पुन्हा केव्हा, हे सारे पाण्याच्या पृथक्करणावर ठरते आणि पाण्याचा नमुना हीच तेलक्षेत्रातील सर्वांत हलगर्जीपणे हाताळली जाणारी वस्तू आहे. विहिरीच्या तोंडाशी बाटली भरताक्षणी तिच्यातील कार्बन डायऑक्साइड उडू लागतो. ती दोन-चार दिवस खोक्यात पडून प्रयोगशाळेत पोहोचते तोवर सामू बदललेला, बायकार्बोनेट घटलेले आणि तळाशी पांढरट गाळ बसलेला असतो. तंत्रज्ञ वरचे निवळ पाणी घेऊन मोजतो आणि अहवालात कॅल्शियम कमी येते. ज्या क्षाराची भीती, तो बाटलीच्या तळाशी राहतो आणि विहीर कागदावर निर्धोक ठरते. याला इलाज आहे, आणि तो महागडाही नाही. सामू व बायकार्बोनेट विहिरीपाशीच मोजावेत, कॅल्शियमसाठी नमुन्याचा एक भाग तिथेच गाळून आम्लयुक्त करावा आणि बेरियमसाठी दुसरा भाग ताबडतोब स्थिर करणाऱ्या द्रावणात मिसळावा, कारण बेरियम सल्फेटला आम्ल रोखत नाही.

असे नमुने नियमित मिळाले तर विहीर आगाऊ इशारा देते. वर येणाऱ्या पाण्यात समुद्राचा वाटा किती, हे इतर घटकांवरून काढता येते. त्या मिश्रणात जितके बेरियम असायला हवे त्याहून कमी भरले, तर ती तूट वाटेत कुठेतरी बसली आहे. त्यातले काही दूर खडकातच बसते आणि त्याने फारसे बिघडत नाही, पण तूट वाढत असताना उत्पादनही उतरू लागले तर नळी तपासायला उशीर करू नये.

समुद्राच्या पाण्यातील सल्फेट नॅनोफिल्ट्रेशनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या, पडद्यांनी आधीच काढून टाकण्याचा उपाय 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून, उत्तर समुद्रातील ब्रे क्षेत्रापासून वापरात आहे. सल्फेट लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही खाली उतरवता येते. मात्र त्या यंत्रणेला समुद्रातील उत्पादन-मंचावर जागा आणि वजनाची तरतूद लागते, म्हणजे हा निर्णय आराखडा कागदावर असतानाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्याच शोधविहिरीतील पाण्याचा खात्रीलायक नमुना हाताशी हवा. तेलाचा नमुना जपून ठेवायचा आणि पाणी ओतून द्यायचे, ही सवय पुढे फार महागात पडते.

आणखी एक बाब. प्रतिबंधक रसायन पुरवणारी संस्थाच पाणी तपासते, मात्रा सुचवते आणि रसायन काम करते असा दाखलाही देते, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. पुरवठादारांकडे जाणकार माणसे असतात, हे मान्य. तरीही विक्रेत्यानेच गरज ठरवावी, हे कोणत्याही खरेदीत गैर मानले जाते. उत्पादक कंपनीने निदान नमुने स्वतःच्या माणसांकरवी घ्यावेत, त्यातील काही त्रयस्थ प्रयोगशाळेकडे पाठवावेत आणि दोन्ही अहवालांत तफावत आली तर ती मिटेपर्यंत पुढच्या स्क्वीझची मात्रा मंजूर करू नये.

आपली,
तेलक्षेत्राच्या प्रयोगशाळेत काम केलेली एक वाचक