गीतांच्या चाली जपायला हव्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या चर्चमध्ये गेल्या काही वर्षांत एक बदल रुजला आहे, आणि त्याविषयी जाहीरपणे बोलले जावे असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पूर्वी उपासनेत पेटी-तबला वाजे आणि सारी मंडळी गात असे. आता मोबाइलवरून तयार वाद्यसंगीत, ज्याला मुले ‘ट्रॅक’ म्हणतात, ते स्पीकरवर लावले जाते, पुढे उभी राहिलेली दोन-तीन मुले माइकवर गातात आणि मागच्या बाकांवरची माणसे नुसती ऐकत उभी असतात. ट्रॅकची पट्टी ठरलेली असते. साठी ओलांडलेल्या बायकांचा आवाज तिथवर चढत नाही, आणि पेटीवर बसलेला माणूस त्यांच्याकडे पाहून काळी चारवरून काळी दोनवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, उतरतो तसे मोबाइलला उतरता येत नाही. मी वेंगुर्ल्यात तीस वर्षे उपासनेला पेटी वाजवत आले आहे, म्हणून हे मला दिसते. गिटार आणि कीबोर्ड यांना माझा विरोध नाही. पेटीही एके काळी परदेशातूनच इथे आली. माझे दुःख मंडळीचा गळा मिटत चालल्याचे आहे.

माझी आई काजूच्या कारखान्यात कामाला जात असे. टरफलातील तेलाने हाताची कातडी काळी पडून सोलवटते, म्हणून त्या बायका हातांना राख चोळून बसत. हात कामात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असे. शेजारच्या बाया ओव्या म्हणत आणि आई ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते म्हणत असे; कित्येकदा गीत टिळकांचे आणि चाल शेजारणीच्या ओवीची, असे होई व कोणालाच ते वावगे वाटत नसे. आईने आम्हा भावंडांना समोर बसवून धर्म शिकवल्याचे मला आठवत नाही. तांदूळ निवडताना, बांगडे साफ करताना, मे महिन्यात अंगणात आमसुले वाळत घालताना ती जे गात असे, त्यातून आम्हाला प्रभू येशूची ओळख झाली. आज मन जड आहे की घरात पोटभर पेज शिजली आहे, हे तिने कोणते गीत धरले आहे त्यावरून आम्हाला कळत असे. पुढे माझे यजमान गेले तेव्हा प्रार्थना करायला बसले तर एक शब्द सुचेना, पण आईची गीते पाठ असल्यामुळे आपोआप ओठांवर आली, आणि त्या रात्री माझी प्रार्थना झाली ती तेवढीच. चर्चमध्ये पडद्यावर शब्द पाहून म्हटलेले गीत अशा वेळी हाताशी येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

रविवार, १६ मे २०२१ चा दिवस मला विसरता येत नाही. टाळेबंदीमुळे चर्च बंद होते आणि उपासना मोबाइलवर होत असे. त्या दिवशी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, वीज गेली, पाठोपाठ नेटवर्कही गेले. शेजारच्या घराची कौले उडाली, म्हणून ते कुटुंब आमच्या पडवीत येऊन राहिले. त्या घरचे काका जुने भजनीबुवा, पूर्वी दशावतारात पखवाज वाजवलेले. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी पेटी काढली. दमट हवेने दोन सूर बसले होते, भाताही वारा धरत नव्हता, तरी आईने अंथरुणावरूनच टिळकांचा एक अभंग धरला. दुसऱ्या चरणाला काकांनी पखवाज जवळ ओढला आणि म्हणाले, “ह्या गाण्याक ठेको सांगूक लागणा नाय, तुमी म्हणा.” त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. अभंगाची ती चाल त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक होती.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, म्हणजे ते याच कोकणपट्टीचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक गीते लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि तो पूल त्यांनी मागे मोडून टाकला नाही. अभंग, ओवी, पदे, आरती या घरच्याच वाटांनी त्यांनी आमच्या आज्यांना प्रार्थनेला आणून बसवले. त्यांच्याही कितीतरी आधी फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ याच किनाऱ्यावर, गोव्यात, ओवीतच रचले होते. गाता येईल असेच लिहायचे, हे दोघांनाही कळले होते.

अडचण अशी आहे की माझ्याकडच्या गीतपुस्तकात शब्द आहेत, फार तर वर चालीचे नाव आहे. खुद्द चाल मात्र माणसांच्या गळ्यात आहे. एकाच गीताची चाल वेंगुर्ल्यात निराळी आणि रत्नागिरीच्या पाहुण्यांकडे निराळी, असे मी स्वतः ऐकले आहे. ट्रॅक एकच चाल सर्वांवर बसवतो आणि बाकीच्या चाली त्या त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दफनभूमीत जातात. आई गेल्या वर्षी गेली. तिच्या तीन गीतांच्या चाली माझ्याशिवाय आता कोणाला येत नाहीत, आणि त्यांतल्या एकीचा अंतरा मलाही पुरता आठवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक मंडळीने महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास ट्रॅकशिवाय गावे आणि त्या वेळी वडीलधाऱ्यांना पुढे बसवावे. ज्या मोबाइलवर ट्रॅक लागतो त्याच मोबाइलवर मुलांनी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करावे, सोबत गावाचे नाव आणि चाल कोणाकडून आली तेही नोंदवावे. हे काम मुले आमच्यापेक्षा कितीतरी चांगले करतील. रत्नागिरी आकाशवाणीने यात लक्ष घातले तर फार बरे होईल. शब्बाथशाळेतील, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील, शिक्षकांनी वर्षाला चार गीते तरी मुलांकडून पाठ करून घ्यावीत. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे बायबलमध्ये मत्तयाने लिहिले आहे. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात असताना इतर कैदी ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्या दोन्ही वेळी कोणाच्या हाती पुस्तक असेल, असे मला वाटत नाही.

मी स्वतः आईच्या चालींची स्वरलिपी लिहायला घेतली आहे. आतापर्यंत अकरा झाल्या आहेत. मालवण, कुडाळ, रत्नागिरी, दापोली, अलिबाग या भागांतील ज्या वाचकांच्या घरी टिळकांची गीते जुन्या चालींवर म्हटली जातात, त्यांनी त्या या सदरातून कळवाव्यात. आईच्या त्या अर्धवट राहिलेल्या गीताचा अंतरा त्यांच्यापैकी कोणाकडे तरी असेल, अशी मला आशा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग