मठार शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देण्याऐवजी चारचौघांसमोर लिहिते आहे, त्याला कारण आहे. मी झाडांची पाने तांब्यात घडवते; त्यांच्यावरून बोट फिरवून लोक विचारतात की हे टेक्स्चर कोणत्या यंत्राने काढले. आणि मी तांबट आळीचे नाव घेतले की बहुतेक जण ती जुन्या पुण्याची आठवण समजून मान डोलावतात व पुढच्या टेबलाकडे वळतात. कसबा पेठेत आजही घंगाळे आणि बंब हाताने ठोकले जातात आणि माझ्या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे मठार, धातूवर हातोडीचे ओळीने ठोके देण्याचे काम, मी तिथे शिकले, हे एकदा नीट लिहून ठेवावे असे मनात होते. तुमचे नाव छापलेले तुम्हाला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही.

मी तुमच्या दुकानात आले ती पत्रा घ्यायला. चांदीचे काम मला येत होते. डाक लावून सांधे जोडणे, त्यासाठी टाकणखार वापरणे, राळेच्या थरावर पत्रा ठेवून उठाव काढणे, कानस आणि पॉलिश हे सारे शिकून झाले होते, आणि वेताळ टेकडीवरून वेचून आणलेल्या शेंगांचे, बियांचे दागिने मी करत होते. आता मला सागाचे पान करायचे होते. खऱ्या पानाएवढे मोठे आणि टेबलावर कोणत्याही आधाराशिवाय उभे राहणारे. चांदीत ते परवडणारे नव्हते, म्हणून तांबे निवडले. 24 गेजचा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मागितला, तेव्हा तो कशासाठी हवा हे तुम्ही विचारलेत, आणि उत्तर ऐकल्यावर मी बरोबर आणलेले वाळके पान हातात घेऊन उलटे केलेत. सागाच्या पानाच्या पाठीवर शिरा चांगल्या वर आलेल्या असतात. मधल्या शिरेवरून अंगठा फिरवत तुम्ही म्हणालात की पान हिच्यावर उभे आहे, तेव्हा आधी ही करा, बाकीचे मागाहून पाहू.

तोवर मी शिरा काढत असे त्या कोरून, म्हणजे वरून रेघ ओढल्यासारख्या. पान दिसायचे हुबेहूब, पण हातात घेतले की लवायचे, आणि ते लवू नये म्हणून मी पत्रा जाड घेत जायचे. मग त्याचे पानपण जायचे. सपाट पातळ पत्र्याला ताकद नसते, पण त्यालाच घडी, कणा किंवा बाक दिला की तो ताठ होतो, हे निसर्गाला ठाऊक आहे आणि तांबटालाही. घंगाळाच्या अंगावरचे ओळीने बसलेले ठोके गिऱ्हाईक नक्षी म्हणून पाहते. त्या ठोक्यांनी चकाकी येते हे खरेच, पण प्रत्येक ठोक्याबरोबर धातू दाबला जाऊन कडक होतो आणि एवढे मोठे भांडे पातळ पत्र्याचे असूनही पाण्याच्या भाराने फुगत नाही, हे मला तुमच्या मेखेपाशी, म्हणजे ज्या लोखंडी खुंटावर भांडे ठेवून ठोकतात तिथे, बसल्यावर कळले. मठारकाम हे आधी बळ आहे आणि मग शोभा. माझ्या पानांच्या शिरांच्या कडेने जे ठोके दिसतात, ते तिथे त्याचसाठी आहेत.

या कामात तुम्ही डोळ्यांपेक्षा कानावर अधिक विसंबता, हे पाहून मी प्रथम गोंधळले होते. तांबे मऊ असते तेव्हा हातोडीचा आवाज बसका येतो, आणि ठोकून ठोकून ते कडक झाले की तोच आवाज टणक, उंच होत जातो. त्यापुढे रेटले तर पत्रा कडेला चिरतो. आळीतल्या त्या गदारोळात आपल्याच हातोडीचा आवाज वेगळा ओळखायचा, आणि तो चढला की थांबून पत्र्याला मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा, ही सवय तुम्ही लावलीत. ताव देताना दुकानातला दिवा तुम्ही मालवत होता, कारण उजेडात तो पहिला लाल रंग दिसतच नाही. तापलेले तांबे पाण्यात बुडवले तरी पोलादासारखे कडक न होता मऊच राहते, याचे स्पष्टीकरण मी पुस्तकात वाचले होते. तरी पहिल्यांदा ते हाताने वाकवून पाहिले तेव्हाच त्यावर विश्वास बसला.

तुम्ही चांदीला हात लावत नाही, तरी माझे दागिने तुमच्यामुळे बदलले. वावळ्याचे बी तुम्हाला ठाऊक आहे, कागदी चकतीच्या मधोमध दाणा असलेले. त्याची कानातली मी 92.5 टक्के चांदीत करते, कारण निव्वळ चांदी फार मऊ पडते आणि उरलेले 7.5 टक्के तांबे तिला अंग देते. पूर्वी ती कानाला जड व्हायची. आता दाणा राळेवर उठवते आणि चकती कडेकडेने ठोकून इतकी पातळ करते की तिच्या कडेवर उजेड थरथरतो. ठोक्यांनीच ती कडक झालेली असल्यामुळे आकारही सोडत नाही. निसर्गातून प्रेरणा वगैरे शब्द माझ्या कामाबद्दल लिहिले जातात, तेव्हा मला काकूंची बोरमाळ आठवते. बकुळीहार, चंपाकळी, जोंधळी पोत, कोल्हापुरी साजातले कारले, कासव आणि भुंगा हे सगळे करणाऱ्यांना कोणी निसर्गप्रेमी कलावंत म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दायमाबादच्या प्राचीन धातूच्या मूर्तींची छायाचित्रे मी तुम्हाला दाखवली होती. प्रवरेच्या काठी 1974 साली सापडलेले हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस, सगळे मिळून 60 किलोंहून अधिक वजनाचे. मी त्या गेंड्याच्या अंगावरच्या वळ्यांविषयी बोलत होते आणि तुम्ही मात्र लगेच म्हणालात की हे ठोकलेले नाही, भरीव ओतलेले आहे, आणि ज्याने केले त्याला तांब्याची ददात नव्हती. इतक्या वर्षांपूर्वीच्या कारागिराकडे तुम्ही शेजारच्या दुकानदाराकडे पाहावे तसे पाहिलेत. तेव्हापासून मीही कोणतेही शिल्प पाहताना आधी धातू किती लागला आणि तो कुठून आला असेल याचा विचार करते.

आणखी एक उपकार पैशाच्या संदर्भातला आहे, त्याविषयी कलेच्या चर्चेत कोणी बोलत नाही. तुमच्याकडे भांडे वजनावर विकले जाते आणि मजुरी वेगळी धरतात. माझ्या पहिल्या पानाची किंमत ऐकून तुम्ही तांब्याचे वजन विचारलेत, मग त्यात मजुरी किती धरली हे विचारलेत, आणि मला सांगता येईना तेव्हा वहीचे पान फाडून तास, कोळसा, गॅस आणि वाया गेलेला पत्रा असा हिशेब स्वतः मांडून दिलात. त्यानुसार ती किंमत कमी होती. तो कागद आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि कोणी घासाघीस करू लागले की मला त्याचा फार आधार वाटतो.

एका बाबतीत मात्र आपले जमणार नाही. गंधकाच्या पाण्याने मी पाने काळपट करते ते तुम्हाला पटत नाही. तांबे चिंचेने घासून लखलखीत करून द्यायचे असते, यावर तुम्ही ठाम आहात. वाळक्या पानाला लखलखाट शोभत नाही, यावर मीही ठाम आहे.

दुपारी ऑर्डरीचे काम संपल्यावर मेख आणि हातोड्या माझ्या स्वाधीन केल्यात, बाईमाणसाला हे झेपेल का असे विचारणाऱ्यांना परस्पर गप्प केलेत, आणि शिकवणीचे पैसे घ्यायचा विषय काढला की चहा मागवून तो टाळलात. या सगळ्यासाठी मनापासून आभार.

आता बहाव्याची शेंग करायला घेतली आहे, हातभर लांब आणि आतून पोकळ. तिच्यासाठी तुमची लांब मेख लागेल. दिवाळीच्या घंगाळांची घाई आटोपली की कळवावे, पत्रा घेऊन येईन. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दुपारची विद्यार्थिनी