जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलण्यापूर्वी

संपादक महोदय,

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि सहाव्या-सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेले घराघरांतले संगणक अडचणीत आले, कारण विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. मग ‘नुसता प्रोसेसर बदलून घ्या’ असा सल्ला मिळतो आणि तिथेच ग्राहक फसतो. सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंतच्या सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) नाव एकच, एलजीए ११५१. पण एच११० किंवा बी२५० चिपसेट (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारी चिप) असलेल्या मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) आठव्या पिढीचा प्रोसेसर खाचेत नेमका बसूनही चालत नाही, म्हणजे मदरबोर्डही बदलावा लागतो. जुना संगणक डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमचा असेल, तर बहुधा तीही नवी घ्यावी लागते.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिची स्थिती, माझ्या मते, बरीच ग्राहकहिताची आहे. २०१७ च्या सुमाराच्या एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डांपैकी अनेकांवर बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात. मात्र हे अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करावे, नाहीतर नव्यावर संगणक सुरूच होणार नाही.

संगणक केवळ संथ असेल आणि त्यात अजून हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवावी. बँकेचे व्यवहार आणि पत्रव्यवहार यांपुरता फरक त्यानेच पडतो.

मदरबोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी कंपन्या संकेतस्थळावर देतात, पण ती पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. विक्रेत्यांनी सुटा प्रोसेसर विकताना ग्राहकाच्या मदरबोर्डचे मॉडेल विचारून ते बिलावर नोंदवावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, सांगली